तोआ पायोहचे दलाल

सिंगापूरच्या साधारण मध्यावर तोआ पायोह नावाचं उपनगर आहे. होक्कियन या चिनी बोलीत 'तोआ' म्हणजे मोठा आणि मलयमध्ये 'पाया' म्हणजे दलदल. थोडक्यात, मोठी दलदल. आज तिथे दलदल शोधून सापडणार नाही. १९६०च्या दशकात एचडीबीने, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाने, तिथल्या झोपड्या हलवल्या, जमीन भरून घेतली आणि उंच इमारतींचं अख्खं गाव वसवलं. एचडीबी म्हणजे इथली म्हाडा म्हणा. फरक एवढाच की सिंगापूरच्या रहिवाशांपैकी दर दहा जणांतले सातेक जण तरी हिच्याच घरांत राहतात.

२००२ पासून एचडीबीचं मुख्यालयही तोआ पायोहलाच आहे, बस आणि मेट्रो स्टेशनच्या डोक्यावर. त्याच आवारात आणखी एक सरकारी कार्यालय आहे. नाव 'कौन्सिल फॉर इस्टेट एजन्सीज', काम घरांच्या दलालांवर नजर ठेवणं. सरकार स्वतःच घरं बांधून विकतं, तर दलाल आला कुठून, आणि त्याच्यासाठी वेगळं खातं कशाला, असं मला बरेच दिवस वाटायचं. त्यामागे मोठा इतिहास आहे.

सुरुवातीला एचडीबीची घरं भाड्याने मिळत. १९६४ मध्ये ती विकत द्यायची योजना आली आणि १९६८ पासून त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे वापरायची मुभा मिळाली. तरीही दलालाला तिथे काम नव्हतं, कारण घर नको असेल तर ते मंडळालाच परत करावं लागे. १९७१ मध्ये नियम बदलला. काही वर्षं स्वतः राहिल्यावर घर खुल्या बाजारात, बाजारभावाने विकायची परवानगी मिळाली. दलालाचा जन्म इथला. विकणारा एका टोकाला, घेणारा दुसऱ्या टोकाला, दोघांचीही आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली, आणि मधली गाठ घालून देणारा तिसरा.

या तिसऱ्या माणसासाठी कायदा कुठला होता? इंग्रजांच्या अमदानीतला, लिलाव पुकारणाऱ्यांना परवाने देणारा! घरांच्या एजन्सीलाही त्याच कायद्याखाली परवाना मिळे, आणि तो देणार आयकर खातं. म्हणजे सरकारला त्यात फीपलीकडे फारसा रस नव्हता. गंमत अशी की परवाना एजन्सीला लागे. तिच्या नावाचं कार्ड खिशात घालून दारोदार फिरणाऱ्या माणसाला ना परीक्षा सक्तीची, ना नोंदणी. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी दलाली करणारेही पुष्कळ. २०१० च्या सुमारास अशा फिरत्या दलालांची संख्या ३० हजारांच्या घरात होती.

मी त्या काळात भाड्याने घर शोधलं आहे. एकच गृहस्थ घरमालकाचाही माणूस आणि माझाही माणूस. घासाघीस माझ्या वतीने करायची म्हणून माझ्याकडून कमिशन, आणि तीच घासाघीस हाणून पाडायची म्हणून मालकाकडून. पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. 'दोन्हीकडून ब्रोकरेज' हा आपल्याकडचा शिरस्ताच आहे.

पण मामला भाड्यापुरता राहिला नाही. २००९ मध्ये इथल्या हायकोर्टात एका खटल्याचा निकाल लागला आणि तो खूप गाजला. एका जोडप्याने आपला खाजगी फ्लॅट एका मोठ्या एजन्सीच्या दलालामार्फत ६ लाख ८८ हजार डॉलरना विकला. पुढे कळलं की घेणारी बाई त्या दलालाच्या वरिष्ठाचीच बायको होती, आणि तिने तो फ्लॅट ९ लाख ४५ हजारांना पुढे विकला होता. मधले २ लाख ५७ हजार डॉलर कुणाचे? कोर्टाने एजन्सीला जबाबदार धरून ती रक्कम मूळ मालकांना द्यायला लावली. पण लाखोंची पदरमोड करून कोर्टात जाणारे कितीसे असतात?

याशिवाय सावकारीचं दुखणं होतंच. कर्जात बुडालेला माणूस घर विकायला निघाला की दलालच त्याची सावकाराशी गाठ घालून देई, किंवा स्वतःच उचल देई. मग घराची किंमत हातात पडली की आधी वसुली.

हे सगळं साचल्यावर २०१० मध्ये इस्टेट एजंट्स कायदा आला. २२ ऑक्टोबर २०१० रोजी कौन्सिल स्थापन झालं आणि २०११ पासून प्रत्येक दलालाला, एजन्सीला नव्हे तर माणसाला, नोंदणी सक्तीची झाली. परीक्षा आली, दरवर्षीचं प्रशिक्षण आलं. नोंदणी नसताना दलाली केली तर २५ हजार डॉलरपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

माझ्यातल्या इंजिनियरला या कायद्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. यंत्रावर काम करणाऱ्याला 'हात सांभाळ' असं रोज बजावण्यापेक्षा पात्यावर जाळी बसवलेली बरी. या कायद्याने दलालांना सदाचाराचे धडे दिलेच, पण त्याहून महत्त्वाच्या तीन जाळ्या बसवल्या. एक, एका व्यवहारात एका दलालाने दोन्ही बाजूंचं काम करायचं नाही. दोन, घराच्या खरेदी-विक्रीच्या आणि एचडीबी घराच्या भाड्याच्या पैशांना त्याने हात लावायचा नाही. 'टोकन माझ्याकडे द्या, मी पोचवतो' हे बंद. तीन, दलाली आणि सावकारी एका घरात नांदणार नाहीत.

आणि या तिन्हींच्या मागे एक जाहीर यादी. दलालाचं नाव किंवा फोन नंबर टाका. त्याचा फोटो, नोंदणी क्रमांक, एजन्सी आणि झालेली शिस्तभंगाची कारवाई समोर येते. आपल्याकडे दलालाची चौकशी म्हणजे शेजारच्या काकांना विचारणं. इथे सरकारी यादीत बघणं. २०२१ मध्ये नियम आणखी आवळले. शिस्तभंगाबद्दल दलालाला एका प्रकरणात १ लाख आणि एजन्सीला २ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून इथे रामराज्य आलं असं समजू नका. 'नो इंडियन्स' असं उघड लिहिलेल्या भाड्याच्या जाहिराती इथे कैक वर्षं दिसत. आपल्या स्वयंपाकाचा, फोडणीचा वास भिंतींना बसतो, ही तक्रार! जाहिरातीत वंशभेद करू नये असं कौन्सिल दलालांना बजावतं. पण छापायचं बंद झालं तरी फोनवर 'तुम्ही कुठले?' असं विचारायचं बंद होत नाही. मालकाच्या मनातलं दलालाच्या नोंदणीने पुसलं जात नाही. जाळी पात्यावर बसते, मनावर नाही.

आता आपल्याकडे. २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ मध्ये महारेरा सुरू झालं आणि एजंटांची नोंदणीही आली. महारेराने पुढे जाऊन एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. हे चांगलंच झालं. पण कायद्याचं कलम ९ नीट वाचा. एजंटाला नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकण्यासाठी. डोंबिवलीतला वीस वर्षांचा जुना फ्लॅट विकून देणारा, कोथरूडमध्ये विद्यार्थ्यांना भाड्याने जागा बघून देणारा, हे त्यात येतच नाहीत. भाडेकरार नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे. त्यात मालकाची नोंद होते, भाडेकरूची होते. दोघांकडूनही पैसे घेणाऱ्या तिसऱ्याची मात्र कुठेच नाही.

सिंगापूरचं गणित याच्या उलट होतं. नवी घरं सरकार स्वतःच विकत होतं, म्हणून दलालाचा सगळा त्रास जुन्या घरांत आणि भाड्यात होता, आणि कायदाही तिथूनच आला. आपला कायदा बिल्डरांच्या अर्धवट सोडलेल्या इमारतींमधून आला, म्हणून तो नव्या प्रकल्पापाशी थांबतो. ज्याला जिथे ठेच लागली, तिथे त्याने दिवा लावला. यात दोष कुणाचा नाही. पण नोंदणी, परीक्षा आणि जाहीर यादी हे सगळं महारेराने उभं केलंच आहे, तर जुना फ्लॅट आणि भाड्याची खोली यांच्यापर्यंत ते न्यायला किती वर्षं लागावीत? सिंगापूरला १९७१ पासून २०१० पर्यंत, म्हणजे ३९ वर्षं लागली. आपण एवढं थांबायलाच पाहिजे असं नाही.