हबशी धर्मवास्तू, दौलताबाद-खुलताबाद परिसरातील

इथिओपिया व पूर्व आफ्रिकेतून दासव्यापाराच्या मार्गाने दख्खनमध्ये आलेल्या आणि येथील सुलतानांच्या सैन्यात मोठ्या पदांना पोहोचलेल्या हबशी (सिद्दी) सरदारांनी उभारलेल्या मशिदी व कबरी. आफ्रिकी समाजांतील कला आणि धर्म यांची चर्चा बहुधा पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या एगुनगुन या पूर्वजविधीतील सर्वांग झाकणाऱ्या वेशाभोवती, किंवा इथिओपियातील लालिबेला येथील खडकात कोरलेल्या चर्चवास्तूंभोवती फिरते. हबशांच्या वास्तूंत मात्र यांपैकी कशाचाही माग लागत नाही.

या परंपरेचा प्रमुख आश्रयदाता मलिक अंबर (मृ. १६२६) हा निजामशाहीचा वजीर होय. त्याचा जन्म इथिओपियातला. दासपणात हस्तांतरित होत असताना त्याने इस्लाम स्वीकारला आणि निजामशाहीतील चंगेजखान या हबशी सरदारालाच तो दख्खनमध्ये विकला गेला. उपासनास्थळी सजीवाकृती टाळण्याच्या इस्लामी संकेतामुळे त्याच्या मशिदींत कमान, घुमट आणि काळ्या दगडाची घडाई यांवरच भर राहिला. दौलताबादजवळ त्याने वसविलेल्या खडकीतील (नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) काळी मशीद व जामी मशीद ही त्याची उदाहरणे असून जामी मशिदीचे काम पुढे औरंगजेबाने वाढविले.

सर्वांत बोलकी वास्तू खुलताबादची. जर जरी जर बक्ष या सूफी संताच्या दर्ग्याजवळ मलिक अंबरने आपली कबर हयातीतच बांधून घेतली, असे मानले जाते. संताच्या सान्निध्यात दफन होणे पुण्यप्रद ही श्रद्धा या जागेच्या निवडीमागे दिसते. चौरस दालनावर एकच घुमट, बाह्य भिंतींवर कमानीयुक्त कोनाडे आणि दगडात कोरलेल्या भौमितिक जाळ्या अशी तिची रचना पूर्णतः दख्खनी आहे. तिच्यात ‘आफ्रिकी’ नक्षी हुडकणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण वास्तूचे रूप आश्रयदात्याच्या जन्मभूमीने नव्हे, तर त्याच्या धर्माने व स्थानिक पाथरवटांच्या हातोटीने ठरले. अहमदाबादेत सिदी सय्यद या हबशी सरदाराने बांधलेल्या मशिदीची (१५७२-७३) वृक्षाकृती जाळीही गुजराती कारागिरीचीच साक्ष देते.

आफ्रिकी वारसा टिकला तो वाद्य-नृत्यात : गुजरातेतील सिद्दी लोक बावा गोर या पिराच्या रतनपूर येथील दर्ग्यात मुगरमान ढोल व मलुंगा हे धनुष्याकृती तंतुवाद्य वाजवून ‘धमाल’ हे नृत्य करतात.