ताप सांगता येईल अशी शाळा

साथींच्या इतिहासात शाळा बहुधा एका वाक्यापुरतीच येते : शाळा बंद करण्यात आल्या. सरकारी अहवालांत, वर्तमानपत्रांत, चरित्रांत आणि आत्मचरित्रांतही हे वाक्य भेटते. आणि ते लिहून झाले की लेखणी रुग्णालयाकडे, बाजाराकडे किंवा स्मशानाकडे वळते. शाळेतून बाहेर पडलेले मूल त्या दिवशी कुठे गेले, ज्या घरी गेले ते घर शाळेपेक्षा अधिक सुरक्षित होते काय, हे प्रश्न त्या वाक्यातच पुरले जातात. प्रस्तुत लेख या प्रश्नांविषयी आहे. त्याचे निमित्त यवतमाळ जिल्ह्याचे असले, तरी उत्तराचा शोध पुणे, औंध आणि अमळनेरपर्यंत जातो.

निमित्त फेब्रुवारी २०२१चे. करोनाची पहिली लाट ओसरली असे सर्वत्र मानले जात असताना महाराष्ट्रात ती पुन्हा उसळली, ती प्रथम वऱ्हाडात. मार्च २०२०च्या मध्यास बंद झालेल्या राज्यातील शाळांपैकी नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊ लागले होते. पुरता महिनाही लोटला नाही, तोच यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा-महाविद्यालये २८ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश काढला. याच आठवड्यांत शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून एक बातमी आली. रिसोड तालुक्यातील देगाव येथील निवासी शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या ३२७ विद्यार्थ्यांपैकी २२९ जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांत अमरावती जिल्ह्यातील १५१ आणि यवतमाळ जिल्ह्यातील ५५ मुले होती.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावयास हवे. यवतमाळ जिल्ह्यातील शाळा बंद होत्या. परंतु यवतमाळची ५५ मुले जिल्ह्याबाहेरच्या एका वसतिगृहात आजारी होती. शाळा सुरू करण्याचे जे नियम त्या काळी केले गेले त्यांत बाकावर एक विद्यार्थी, तोंडावर मुखपट्टी, दारात तापमान मोजणारे यंत्र अशा गोष्टी होत्या. हे नियम दिवसाच्या शाळेचे होते. सकाळी येणारे, संध्याकाळी घरी जाणारे मूल त्यांत गृहीत होते. जे मूल शाळेतच झोपते, एकाच पंगतीत जेवते, त्याला बाकावरचे अंतर काय कामाचे? दारात मोजलेला ताप जास्त भरला तर त्या मुलाला घरी पाठवायचे, असा नियम. पण ज्याचे घर शंभर किलोमीटरवर आहे, त्याला पाठवायचे कुठे?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अपवादाचा नाही. कोलाम, गोंड, आंध, परधान, बंजारा अशा समाजांची वस्ती असलेला हा जिल्हा. पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालये आहेत. डोंगराकाठच्या पोडांतून आणि तांड्यांतून येणाऱ्या कित्येक मुलांसाठी शाळा म्हणजे आश्रमशाळा किंवा वसतिगृह, म्हणजे वर्गाबरोबर दोन वेळचे जेवण आणि डोक्यावरचे छप्पर. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला राज्याच्या शिक्षण खात्याने टाळेबंदीच्या काळात मोबाईलवरून चालवली. हेतू चांगलाच होता. मात्र जिथे फोन एकच आणि तोही बापाबरोबर शेतावर गेलेला, तिथे या नावातील पहिला अर्धा भागच खरा ठरत असे.

आता सव्वाशे वर्षे मागे जाऊ. २०२० साली राज्य सरकारने ज्या कायद्याच्या आधारे निर्बंध लादले, तो साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७चा, प्लेगच्या भयातून घाईघाईने झालेला. यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी या नावाने ओळखला जाई; आजचे नाव त्याला १९०५ साली मिळाले. प्लेगचा पहिला तडाखा मात्र मुंबई-पुण्याला बसला. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोल्जरांनी घरोघर घुसून झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना घरच्यांपासून तोडून छावणीत नेले. त्याचा राजकीय परिणाम प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. परंतु त्याचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. लोक आजार लपवू लागले. ताप आला हे कळले तर माणूस नेतील, या भीतीने ताप हाच गुन्हा ठरला. लपवलेल्या तापावर कोणताच कायदा चालत नाही, ही गोष्ट त्या वेळच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा आली.

त्याच दिवसांत, त्याच शहराच्या कडेला, एक वेगळी रीत चालू होती. हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातूनच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. हा प्रसंग आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. तथापि तो शिक्षणाच्या इतिहासातलाही प्रसंग आहे. १८४८ पासून ज्या बाईने मुले शाळेत आणली, तिनेच एक मूल दवाखान्यात नेले. सोल्जर आजाऱ्याला नेतो तेव्हा घर दार लावून घेते. शिक्षिका नेते तेव्हा घर मूल तिच्या स्वाधीन करते. दोन्हीकडे आजारी माणसाला इतरांपासून वेगळे करणे हीच वैद्यकीय क्रिया घडते. फरक पडतो तो विश्वासाचा.

प्लेगच्या काळात आपल्याकडे आणखी एक उपाय लोकांनी आपणहून केला. उंदीर मरू लागले की गाव मोकळे करायचे आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचे. उंदरांवरील पिसवांमार्फत हा रोग माणसाकडे येतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. कारण नेमके माहीत नसतानाही उपाय बरोबर होता, कारण धोका घरातच होता. मग शाळेचे काय करायचे? धोंडो केशव कर्वे यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मराठी शिक्षणाच्या इतिहासात कायमचे राहिले. १८९६ साली पुण्यात सुरू झालेले त्यांचे अनाथ बालिकाश्रमाचे कार्य प्लेगमुळे अडचणीत आले, तेव्हा १९०० साली त्यांनी आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी ६ एकर जमीन आणि झोपडी बांधण्यास ७५० रुपये दिले. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिकवणे आटोपून कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात ही झोपडी अपार कष्टांचे प्रतीक म्हणून येते. साथीच्या इतिहासात तिचा अर्थ वेगळा लागतो : साथ आली म्हणून ही शाळा बंद झाली नाही, तिने जागा बदलली. जी जागा तात्पुरती सोय म्हणून शोधली, तीच पुढे संस्थेची कायमची भूमी झाली.

जगात इतरत्रही याच सुमारास हा विचार रुजत होता. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ साली अशक्त आणि क्षयाची भीती असलेल्या मुलांसाठी रानातली शाळा उघडण्यात आली, आणि मोकळ्या हवेतील शाळांची चळवळ तेथून युरोप-अमेरिकेत पसरली. १९१८च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, तेव्हा न्यूयॉर्कने त्या चालू ठेवल्या. आरोग्य आयुक्त कोपलंड यांचा युक्तिवाद असा, की शहरातील बहुतेक मुले दाटीवाटीच्या कोंदट चाळींत राहतात. शाळेत निदान मोठ्या खिडक्या आहेत, आणि रोज तपासणारे डॉक्टर व परिचारिका आहेत. त्या निर्णयावर अभ्यासक आजही वाद घालतात. मात्र त्यामागचा प्रश्न बिनचूक होता. शाळा बंद करण्याआधी मुलाचे घर कसे आहे हे त्यांनी विचारले.

वऱ्हाडात १९१८ साली हा प्रश्न कोणी विचारला असता, तर उत्तर फार अवघड झाले असते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते. शिवाय या तापाने वृद्धांपेक्षा ऐन उमेदीतली माणसे अधिक नेली; म्हणजे ज्यांची मुले शाळेच्या वयाची, तीच. अशा वेळी मूल घरी जाते ते कोणाकडे?

साने गुरुजींच्या चरित्रात या प्रश्नाची एक बाजू दिसते. घरच्या गरिबीमुळे ते शिकण्यासाठी औंध संस्थानात गेले, कारण तेथे गरीब विद्यार्थ्यांची शिकण्या-जेवण्याची सोय होती. तेथे प्लेग आला आणि विद्यार्थ्यांना घरोघरी पाठवण्यात आले. पालगडला परतलेल्या मुलाविषयी वडिलांच्या मनात शंका आली, की हा खरोखरच शिकतो आहे काय. ते बोलणे कानावर पडले, मनाला लागले, आणि मुलगा पुण्याला निघून गेला. नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली मॅट्रिक झाला. साथीने बंद केलेली शाळा मुलाला घरी कोणत्या अवस्थेत पोचवते, याचा हा दाखला आहे. जीव वाचतो, पण घरात त्याची जागा संशयाची होते, आणि शिक्षणाचा धागा पुन्हा जुळेल याची हमी कोणी देत नाही. गुरुजींचा जुळला. कितीकांचा तुटला, त्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत.

हेच गुरुजी पुढे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे त्यांनी कमीपणा न मानता केली. आपण ही हकीकत ‘मातृहृदयी’ या एका विशेषणात गुंडाळून टाकतो. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक साधी, व्यवहाराची गोष्ट आहे. ज्याच्या खोलीत रोज कोणीतरी झाडायला येते, त्याचा ताप पहिल्या दिवशी कळतो. ज्याला आजारपणात शुश्रूषा मिळेल असे ठाऊक आहे, तो मुलगा ताप लपवत नाही. वसतिगृहातील साथ पहिल्या मुलाचा ताप कळण्यात जे दिवस वाया जातात, त्या दिवसांत वाढते.

म्हणून साधनांपेक्षा लक्ष मोठे. याचा एक कटू धडा यवतमाळ जिल्ह्यानेच दिला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ लसीकरणाच्या दिवशी घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालील १२ बालकांना थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. एका साथीची बाटली दुसऱ्या साथीच्या थेंबांच्या जागी आली. संबंधितांवर कारवाई झाली. पण बाटल्या पुरवल्याने सुरक्षितता येत नाही, हे शाळांनीही या घटनेतून घ्यावयास हवे.

प्रत्येक साथीचा मार्ग वेगळा असतो. प्लेगात छप्पर सोडायचे, पटकीत पाण्याची विहीर पाहायची, करोनासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगात खिडक्या उघडायच्या आणि गर्दी मोडायची. टाळेबंदीच्या काळात सोलापूरच्या निलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. गावोगावी शिक्षकांनी ओसरीवर, झाडाखाली चार-चार मुले बसवली. कर्व्यांच्या झोपडीचीच ही पुढची पिढी. विदर्भाच्या उन्हाळ्यात झाडाखालची शाळा सकाळपुरतीच चालेल हे खरे. पण सकाळपुरती शाळा आणि अजिबात नसलेली शाळा यांत फार अंतर आहे.

पुढची साथ केव्हा येईल आणि कोणत्या वाटेने येईल, हे सांगता येत नाही. आदेश मात्र आधीच लिहून ठेवता येतो. त्यात शाळा बंद करण्याच्या तारखेबरोबर आणखी तीन गोष्टी असाव्यात : वसतिगृहातील आजारी मुलासाठी वेगळी हवेशीर खोली आणि तिथे रात्री कोण झोपणार त्याचे नाव, घरी पाठवायच्या मुलाच्या गावी त्याचे जेवण आणि अभ्यास कोण पाहणार, याची नोंद, आणि ताप सांगितल्याबद्दल मुलाला, शिक्षकाला वा शाळेला शिक्षा होणार नाही, असे स्पष्ट वचन. पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागतो. तिसरीला तो लागत नाही. पण ती नसेल, तर पहिल्या दोन्ही कागदावरच राहतात.