साइडपट्टी जेव्हा मार्गिका होते : इंग्लंडमधील ‘स्मार्ट मोटरवे’

हीथ्रो विमानतळावर उतरलेला गोमंतकीय स्विंडनमधील आप्तांकडे निघाला की एम-४ मोटरवेवर येतो. रेडिंगच्या पुढे थीलपर्यंत त्याला डाव्या कडेची सलग साइडपट्टी दिसत नाही. जिथे ती होती, तिथे आता वाहनांची चौथी मार्गिका आहे. या पट्ट्याचे काम २०२२ च्या अखेरीस पूर्ण झाले.

इंग्लंडमध्ये ‘हार्ड शोल्डर’ म्हणून ओळखली जाणारी ही डांबरी पट्टी बंद पडलेल्या गाडीसाठी आणि अपघातस्थळी पोहोचणाऱ्या मदतवाहनांसाठी राखलेली असते. १९५८ साली खुल्या झालेल्या प्रेस्टन बायपास या ब्रिटनच्या पहिल्या मोटरवेवर ती पक्कीदेखील नव्हती. पुढे वाहनांची संख्या वाढली आणि रुंदीकरणासाठी जमीन घेणे, पूल पाडून नव्याने बांधणे खर्चाचे ठरू लागले. तयार असलेली, पण एरवी रिकामी राहणारी साइडपट्टी नियोजनकारांच्या नजरेत भरली ती त्यामुळे.

पहिला प्रयोग २००६ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम-४२ वर झाला. गर्दीच्या वेळीच साइडपट्टी खुली करायची, कमानींवरील फलकांतून वेग ताशी ५० मैलांपर्यंत उतरवायचा आणि कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवायचे, अशी ती रचना होती. साधारण दर ५०० मीटरवर गाडी बाजूला घेण्यासाठी आपत्कालीन थांबा होता. प्रवासाचा वेळ भरवशाचा झाला, अपघातही घटले. नेदरलँड्स आणि जर्मनीतही गर्दीच्या वेळी साइडपट्टी खुली करण्याची पद्धत आहे.

पुढची पायरी मात्र वेगळी होती. २०१४ पासून काही पट्ट्यांवर साइडपट्टी कायमचीच मार्गिका करण्यात आली आणि दोन थांब्यांमधले अंतर २.५ किलोमीटरपर्यंत जाऊ देण्यात आले. ताशी ७० मैल वेगाने हे अंतर कापायला सुमारे ८० सेकंद लागतात. इंजिन अचानक बंद पडलेल्या गाडीला तेवढे मिळतीलच असे नाही. प्रयोग यशस्वी झाला तो जवळच्या थांब्यांसह, आणि विस्तार झाला तो थांबे विरळ करून, हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे.

गाडी मार्गिकेतच अडकली, तर नियंत्रण कक्षाने ती पाहून वर लाल फुली लावायची आणि मागच्या चालकांनी ती मार्गिका सोडायची, यावर सारी भिस्त असते. फुली डावलल्यास १०० पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण लागतात. पण फुली लागेपर्यंतचा काळ हाच खरा धोक्याचा. जून २०१९ मध्ये शेफिल्डजवळ एम-१ वर किरकोळ धडकेनंतर थांबलेल्या दोघांचा मागून आलेल्या लॉरीखाली मृत्यू झाला. २०२१ मध्ये या मृत्यूंच्या चौकशीअंती, असे रस्ते पुढेही जीव घेऊ शकतात, असे न्यायाधिकाऱ्यांनी नोंदवले.

सरकारची २०२० ची पाहणी चित्राची दोन्ही अंगे दाखवते. एकूण विचार करता हे रस्ते बहुतेक बाबतींत पारंपरिक मोटरवेइतकेच किंवा अधिक सुरक्षित आढळले. थांबलेल्या गाडीवर धावती गाडी आदळण्याचा धोका मात्र वाढलेला दिसला. सरासरीने रस्ता सुरक्षित ठरला, तरी चालत्या मार्गिकेत बंद गाडीत बसलेल्याला त्या सरासरीचा उपयोग नसतो.

संसदीय समितीच्या शिफारशीनंतर जानेवारी २०२२ मध्ये नव्या कामांना स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये सुनक सरकारने खर्च आणि जनतेचा उडालेला विश्वास ही कारणे देत नियोजित १४ योजना रद्द केल्या. जवळजवळ पूर्ण झालेले दोन पट्टे तेवढे पुरे करायचे ठरले. आधीचे रस्ते कायम असून, त्यांवर थांबलेली वाहने टिपणारे रडार बसवण्यात आले आणि दीडशेहून अधिक नवे आपत्कालीन थांबे बांधण्यात आले.