भिंतीची डावी कड

उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाने डाव्या हाताने पिस्तूल चालवायला का शिकायचं, असं विचारलं की प्रशिक्षक एकच उत्तर देतात: उजवा हात जायबंदी झाला तर? उत्तर खोटं नाही, पण ते मागाहून जोडलेलं आहे. या सरावाचं मूळ जखमेत नाही, आडोशात आहे. 1933 मध्ये कॅन्सस सिटीच्या रेल्वे स्थानकाबाहेर पोलिसांचं हत्याकांड झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने एफबीआयच्या एजंटांना शस्त्र बाळगण्याचा अधिकार दिला. नंतर त्यांच्यासाठी जो ‘प्रॅक्टिकल पिस्टल कोर्स’ घडत गेला, त्यात 50 यार्डांवरून, म्हणजे सुमारे 45 मीटरवरून, आडोशामागे उभं राहून नेम धरावा लागे. आडोशाच्या उजव्या कडेने उजव्या हाताने, डाव्या कडेने डाव्या. डावीकडून उजव्या हाताने गोळी झाडायची तर डोकं आणि निम्मी छाती बाहेर काढावी लागते. पिस्तूल डाव्या हातात घेतलं की नळी आणि एक डोळा एवढंच बाहेर राहतं. शिवाय मोकळ्या हाताचा आधार घ्यायला तिथे मुभा होती. उजवा हात निकामी झाला आहे, असं कुणी गृहीतच धरलं नव्हतं.

यावर कारोली ताकाच यांचं नाव पुढे केलं जाईल, आणि ते रास्तच आहे. हंगेरीच्या या सैनिकाचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्ब फुटून गेला. त्यांनी डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात 600 पैकी 580 गुण मिळवून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. 1952 मध्ये हेलसिंकीत पुन्हा. पण ताकाच यांना हात बदलावा लागला तो कायमचा, आणि त्यांच्यासमोर होते ते उलट गोळी न झाडणारे लक्ष्यफलक. घोडा ओढण्याचं कसब एका हातातून दुसऱ्यात उतरवता येतं, एवढं त्यांच्यामुळे सिद्ध झालं. पोलिसी सराव त्यातून निघाला, असं मात्र म्हणता येत नाही.

मग जखमेचं कारण पुढे आलं कधी? माझ्या मते, दोन्ही हातांची पकड रूढ झाल्यावर. त्याआधी पिस्तूल हे मुख्यतः एका हाताचं हत्यार होतं. घोडेस्वाराचा दुसरा हात लगामावर असे, आणि ऑलिंपिकमध्ये आजही पिस्तूल एकाच हातात धरतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिस परगण्याचे डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हर दोन्ही हातांनी पिस्तूल धरून स्पर्धा जिंकू लागले, जेफ कूपर यांनी त्या पद्धतीचा प्रसार केला, आणि एका हाताने गोळी झाडणं हा अपवाद ठरला. अपवाद शिकवायचा तर त्याला समर्थन लागतं. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआय एजंट आणि दरोडेखोरांत झालेल्या चकमकीने ते भरभक्कम पुरवलं. दोन एजंट ठार, पाच जखमी. गॉर्डन मॅकनील यांच्या हाताला गोळी लागली आणि रक्ताने माखलेलं रिव्हॉल्व्हर त्यांना पुन्हा भरता येईना. एडमंडो मिरेलेस यांचा डावा हात लुळा पडला, तरी त्यांनी पंप शॉटगन एकट्या उजव्या हाताने भरत-झाडत चालवली आणि शेवटी रिव्हॉल्व्हरने चकमक संपवली.

आता हा दाखला नीट पाहिला तर वेगळंच दिसतं. मिरेलेस यांचा शाबूत हात उजवाच होता, आणि मॅकनील अडले ते नेम धरताना नव्हे, काडतुसं भरताना. रिव्हॉल्व्हरचं चक्र डावीकडे उघडतं, ते उघडण्याचा खटका उजव्या अंगठ्याच्या सोयीचा. डाव्या हाताने तो दाबायचा तर पकड मोडावी लागते. तरीही पुष्कळ ठिकाणी डाव्या हाताचा सराव म्हणजे कागदी लक्ष्यावर सावकाश झाडलेल्या चार-सहा गोळ्या. सामान्य माणसावर अशी वेळ क्वचितच येते, मग खटाटोप कशाला, हा आक्षेपही याच सरावाला लागू पडतो. जखमेसाठीच तयारी करायची असेल, तर म्यानातून पिस्तूल काढणं, अडकलेलं काडतूस सोडवणं, मॅगझिन बदलणं हे सगळं एका हाताने जमायला हवं, आणि तेही आधी रिकाम्या पिस्तुलावर. ती तयारी नको असेल, तर आडोशाचं जुनं कारण शिल्लक आहेच, आणि भिंतीला डावी कड असण्यासाठी कुणी जखमी व्हावं लागत नाही.