२७ फेब्रुवारी १९३५ : नावडत्या चित्रपटाने मिळवून दिलेले ऑस्कर

लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात झालेल्या सातव्या ऑस्कर सोहळ्यात फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा हे पाचही प्रमुख पुरस्कार पटकावले. असा पराक्रम करणारा हा पहिलाच चित्रपट.

गंमत म्हणजे नायक-नायिका दोघेही या चित्रपटाबाबत नाखूश होते. क्लार्क गेबलला एमजीएमने कोलंबिया या तुलनेने छोट्या स्टुडिओकडे उसने धाडले होते. क्लॉडेट कोल्बेर्टने नेहमीच्या दुप्पट मानधन आणि चारच आठवड्यांत काम संपवण्याची अट घातली. चित्रीकरण संपल्यावर तर आपण जगातला सर्वात वाईट चित्रपट करून आलो, असे तिचे मत होते. पुरस्काराच्या रात्री ती न्यूयॉर्कच्या गाडीसाठी स्टेशनवर गेली होती. तिथून तिला धावतपळत आणावे लागले. प्रवासी पोशाखातच तिने पुरस्कार स्वीकारला.

घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि बातमीच्या शोधातला बेरकी पत्रकार यांची ही बसप्रवासातली नोकझोक आजही शिळी वाटत नाही. रस्त्यात लिफ्ट मागताना गेबलचा अंगठा हरतो आणि कोल्बेर्टचा पाय मोटार थांबवतो, तो प्रसंग तर अजरामर झाला. राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि आमिर खान-पूजा भटचा ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) याच कथेवर बेतलेले. कोल्बेर्टचा अंदाज प्रेक्षकांनी साफ खोटा ठरवला.