जिवाणुजन्य बहुशर्करांची संरचना-निश्चिती

जिवाणूंच्या आवरणातील किंवा त्यांनी पेशीबाहेर सोडलेल्या बहुशर्करांची (पॉलिसॅकॅराइडांची) रासायनिक मांडणी ठरविण्याची प्रक्रिया. अशा बऱ्याच रेणूंमध्ये शर्करांचा ठरावीक संच पुनःपुन्हा येतो. त्यास पुनरावर्ती एकक म्हणतात. एककातील शर्करा कोणत्या, त्यांचा क्रम काय, बंध कोणत्या कार्बनांवर व आल्फा की बीटा, आणि शर्करेतर गट कोठे आहेत, हे ठरवावे लागते. कोणतीही एकच पद्धत यासाठी पुरत नाही.

पद्धती : शुद्ध नमुन्याचे आम्लाने जलीय विच्छेदन करून सुट्या झालेल्या शर्करा वर्णलेखनाने ओळखतात. जोडस्थानांसाठी मेथिलीकरण करतात. त्यात आधी मोकळ्या हायड्रॉक्सिलांवर मेथिल गट बसवून मग साखळी तोडतात. मेथिलविरहित राहिलेल्या जागांवरून बंधांची स्थाने कळतात. हाकोमोरी यांच्या १९६४ च्या पद्धतीमुळे हे काम सुकर झाले. मात्र तीतील तीव्र अल्कलीने अ‍ॅसिटिल गट निघून जातात, म्हणून ते मूळ नमुन्याच्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपटात शोधावे लागतात. ग्लुकोजचा बंध आल्फा की बीटा हे याच वर्णपटात दिसणाऱ्या, पहिल्या व दुसऱ्या कार्बनांवरील हायड्रोजनांच्या युग्मनावरून समजते : आल्फात सु. ३–४ हर्ट्‌झ, बीटात ७–८ हर्ट्‌झ. मॅनोजमध्ये हे मूल्य दोन्ही रूपांत लहान असते, तेथे पहिल्या कार्बनाचे त्याच्या हायड्रोजनाशी असलेले युग्मन मोजतात (आल्फा सु. १७०, बीटा सु. १६० हर्ट्‌झ).

उदाहरण : कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जिवाणूपासून झँथान गम मिळतो. यान्सन, केन्ने व लिंडबर्ग यांनी १९७५ मध्ये त्याचे पाच शर्करांचे एकक मांडले. सेल्युलोजसारख्या ग्लुकोज-साखळीवर एकाआड एक ग्लुकोजला मॅनोज–ग्लुकुरॉनिक आम्ल–मॅनोज अशी शाखा असते. आतील मॅनोजवर अ‍ॅसिटिल, तर टोकाच्या काही मॅनोजवर पायरुव्हेट गट असतो. या गटांच्या प्रमाणानुसार द्रावणाची श्यानता बदलते.

महत्त्व : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, २०१० पासून आफ्रिकेत वापरलेली मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वरावरील लस अ-गट मेनिंगोकॉकसच्या बहुशर्करेपासून बनते. या बहुशर्करेवरील अ‍ॅसिटिल गट काढल्यास संरक्षक प्रतिपिंडे फारच कमी निर्माण होतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे अ‍ॅसिटिलचे प्रमाण मोजणे हा अशा लसींच्या दर्जातपासणीचा आवश्यक भाग आहे.