मागील स्पॉयलर

मागील स्पॉयलर हा मोटारगाडीच्या मागील बाजूस, बहुधा डिकीच्या झाकणावर किंवा छताच्या मागील कडेवर, बसवला जाणारा वायुगतिकीय भाग आहे. वेगाने धावणाऱ्या गाडीच्या पाठीवरून वाहणाऱ्या हवेचा प्रवाह अडवून गाडीला वर उचलू पाहणारे बल कमी करणे, हे त्याचे मुख्य कार्य होय. ‘स्पॉयलर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘बिघडवणारा’ असा आहे. विमानाच्या पंखावरील उचल मुद्दाम बिघडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांना हे नाव होते. तेथून ते मोटारगाड्यांकडे आले.

अनेक गाड्यांवर स्पॉयलर केवळ शोभेसाठी बसवलेला असतो. परंतु काही स्पोर्ट्स गाड्यांचे अतिवेगातील स्थैर्य त्यावर अवलंबून असते. त्यामुळे तुटलेला किंवा सैल झालेला स्पॉयलर बदलताना मूळ आकार, जोडणीची मजबुती आणि त्यात बसवलेला ब्रेक लाइट या तीन गोष्टी कायम राखणे महत्त्वाचे ठरते.

कार्यतत्त्व

बाजूने पाहिल्यास बहुतेक मोटारगाड्यांचा आकार खालून सपाट आणि वरून फुगीर असतो. फुगीर पृष्ठभागावरून वाहताना हवेचा वेग वाढतो व तेथील दाब कमी होतो. परिणामी गाडीवर ऊर्ध्व दिशेने बल कार्य करते. यास उत्थापक बल म्हणतात. छतापासून मागच्या टोकापर्यंत सलग उतरता आकार असलेल्या गाड्यांमध्ये या बलाचा मोठा वाटा मागील चाकांवर येतो. मागील चाकांवरील भार घटला की टायरांची रस्त्यावरील पकड कमी होते आणि वळणावर किंवा अचानक मार्गिका बदलताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका वाढतो.

स्पॉयलरच्या उभ्या किंवा तिरप्या कडेमुळे तिच्या पुढील भागातील हवा मंदावते आणि डिकीच्या झाकणावरील व मागील काचेवरील दाब वाढतो. हवेचा प्रवाह गाडीपासून नेमका कोठे सुटावा, हेही या कडेमुळे ठरते. योग्य रचनेचा स्पॉयलर उत्थापक बलाबरोबर हवेचा रोधही कमी करू शकतो. अयोग्य आकाराचा किंवा फार उंच स्पॉयलर मात्र रोध वाढवतो.

उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. उदाहरणार्थ, समोरून दिसणारे क्षेत्रफळ २ चौरस मीटर आणि मागील उत्थापन गुणांक ०.१ मानल्यास ताशी ६० किमी वेगाला मागील चाकांवरील भार सुमारे ३.४ किलोग्रॅमने घटतो. ताशी १०० किमीला ही घट सुमारे ९.५ किलोग्रॅम, तर ताशी २०० किमीला सुमारे ३८ किलोग्रॅम होते. शहरातील वाहतुकीत स्पॉयलरचा परिणाम नगण्य का असतो आणि शर्यतीच्या मार्गावर किंवा जर्मनीतील वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांवर तो निर्णायक का ठरतो, हे यावरून स्पष्ट होते.

स्पॉयलर आणि पंख

बोलीभाषेत दोहोंनाही स्पॉयलर म्हटले जात असले तरी तांत्रिकदृष्ट्या त्यांत फरक आहे. स्पॉयलर गाडीच्या पृष्ठभागाला चिकटून असतो आणि हवेचा प्रवाह अडवतो. पंख खांबांवर उभा असतो व त्याच्या वरून आणि खालून अशी दोन्हीकडून हवा वाहते. विमानाचा पंख उलटा केल्यासारखा त्याचा छेद असतो. त्यामुळे तो गाडीला खाली दाबणारे बल प्रत्यक्ष निर्माण करतो. हे बल खांबांमधून डिकीच्या झाकणावर येत असल्याने पंखाची जोडणी अधिक भक्कम असावी लागते.

इतिहास

१९५६ मध्ये स्विस अभियंता व चालक मायकेल मे यांनी आपल्या पोर्शे ५५० स्पायडर गाडीवर उलटा पंख बसवून ती न्युरबुर्गरिंग येथे आणली. आयोजकांनी पंखासह शर्यतीत उतरण्यास परवानगी नाकारली. शर्यतीच्या गाडीवर मागील स्पॉयलर वापरण्याची सुरुवात बहुधा फेरारीच्या १९६१ मधील चाचण्यांपासून मानली जाते. त्याचे श्रेय चालक रिची गिंथर यांना दिले जाते.

१९६६ मध्ये अमेरिकेतील जिम हॉल यांच्या चॅपरल २ई या गाडीने खांबांवरील उंच पंख लोकांसमोर आणला. १९६८ मध्ये फॉर्म्युला वन गाड्यांवरही पंख दिसू लागले. १९६९ च्या स्पॅनिश ग्रांप्रीमध्ये लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून गंभीर अपघात झाले आणि त्यानंतर लगेचच असे पंख बंद करण्यात आले. वायुगतिकीय भागाची जोडणी निकामी झाल्यास तो भाग नसण्यापेक्षाही मोठा धोका उद्भवतो, हे या घटनेने दाखवून दिले.

रस्त्यावरील गाड्यांमध्ये पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ हिचे स्थान महत्त्वाचे आहे. ही गाडी ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सादर झाली. इंजिनावरील झाकणातूनच वर वळलेल्या तिच्या स्पॉयलरला बदकाच्या शेपटीची उपमा मिळाली आणि तेच नाव रूढ झाले. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या. प्रत्यक्षात १,५८० गाड्या तयार झाल्या.

१९७३ मधील बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल या गाडीचा मोठा मागील पंख जर्मनीत रस्त्यावर वापरण्यास मान्यता नव्हती. त्यामुळे तो डिकीत ठेवून दिला जाई आणि खरेदीनंतर ग्राहक तो स्वतः बसवून घेत असे. गाडीच्या मालकाने स्पॉयलर बसवण्याच्या प्रथेचे हे एक जुने उदाहरण होय. १९८९ पासूनच्या पोर्शे ९११ (९६४ मालिका) मध्ये ताशी सुमारे ८० किमी वेगाला आपोआप वर येणारा स्पॉयलर देण्यात आला.

ऑडी टीटी प्रकरण

१९९८ मध्ये उत्पादनात आलेली ऑडी टीटी ही गाडी तिच्या गोलाकार, साध्या रेषांच्या बांधणीसाठी नावाजली गेली. मूळ रचनेत तिला मागील स्पॉयलर नव्हता. पुढे अतिवेगात अचानक मार्गिका बदलताना किंवा वळण घेताना गाडीवरील ताबा सुटून अपघात झाले. त्यांत काही जणांचा मृत्यूही झाला. १९९९ च्या अखेरीस व २००० च्या सुरुवातीस कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांत मागील स्पॉयलर, इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली आणि निलंबन व्यवस्थेतील बदल केले. नव्या गाड्यांमध्येही हे बदल समाविष्ट झाले. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीतील टीटीला ताशी सुमारे १२० किमी वेगाला आपोआप वर येणारा स्पॉयलर देण्यात आला.

स्पॉयलरची लहानशी पट्टीदेखील केवळ शोभेची नसते, याचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख केला जातो. अशा गाडीवरील स्पॉयलर मोडल्यावर तो काढून टाकून छिद्रे बुजवणे म्हणजे उत्पादकाने सुरक्षिततेसाठी केलेला बदल उलटवणे होय.

साहित्य व जोडणी

स्पॉयलर प्रामुख्याने एबीएस प्लॅस्टिक, पॉलियुरेथेन, काचतंतू किंवा कार्बन तंतू यांपासून बनवतात. एबीएस प्लॅस्टिक स्वस्त असून त्यावर रंग चांगला बसतो. पॉलियुरेथेन लवचीक असल्याने किरकोळ धक्क्याने तडकत नाही. काचतंतूचे सुटे भाग अनेकदा हाताने घडवलेले असल्याने त्यांच्या मापात फरक आढळतो व बसवण्यापूर्वी कडा घासाव्या लागतात. कार्बन तंतू हलका व ताठ असतो. मात्र तो महाग असून उन्हापासून बचावासाठी त्यावर पारदर्शक थर आवश्यक असतो.

जोडणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात स्पॉयलरमध्ये बसवलेले बोल्ट झाकणाच्या पत्र्यातील छिद्रांतून आत जातात व आतून नटाने आवळले जातात. पत्रा आणि स्पॉयलर यांच्यामध्ये रबरी गॅस्केट असते. दुसऱ्या प्रकारात दुहेरी बाजूची ॲक्रिलिक फोम टेप किंवा पॉलियुरेथेन गोंद वापरतात. हा प्रकार मुख्यतः लहान, पृष्ठभागालगतच्या स्पॉयलरसाठी योग्य असतो. काही गाड्यांमध्ये दोन्ही पद्धती एकत्र वापरलेल्या असतात.

घरी बदलण्याची पद्धत

बोल्टने बसवलेला साधा, न हलणारा स्पॉयलर सामान्य हत्यारांनी घरी बदलता येतो. आपोआप वर-खाली होणाऱ्या स्पॉयलरमध्ये मोटर, संवेदक व नियंत्रण एकक असल्याने ते काम प्रशिक्षित कारागिराकडे सोपवणे इष्ट असते.

पूर्वतयारी

नवा भाग गाडीच्या नेमक्या मॉडेलचा व उत्पादन वर्षाचा असावा लागतो, कारण एकाच नावाच्या गाडीत पिढीनुसार छिद्रांमधील अंतर बदलते. प्रायमर लावलेला भाग घेतल्यास तो गाडीच्या रंगसंकेतानुसार आधी रंगवून घेतात. रंगवण्यापूर्वी तो झाकणावर कोरडा ठेवून पाहणे आवश्यक असते. रंगवलेला भाग मापात न बसल्यास सहसा परत घेतला जात नाही.

जुना स्पॉयलर काढणे

१. बॅटरीचे ऋण टोक सोडवले जाते. स्पॉयलरमध्ये ब्रेक लाइट असल्यास त्याची वायर आतील बाजूने सुटी करतात.

२. स्पॉयलरभोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावली जाते. तिने रंगाचे रक्षण होते आणि जुन्या भागाची जागाही खुणावली जाते.

३. झाकणाच्या आतील आच्छादनाच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटून आच्छादन बाजूला करतात व नट सोडवतात. शेवटचा नट काढताना दुसऱ्या व्यक्तीने स्पॉयलर बाहेरून धरून ठेवणे गरजेचे असते.

४. टेपने चिकटवलेला भाग हेअर ड्रायरने कोमट करून टेप मऊ केली जाते. त्यानंतर मासेमारीची नायलॉन दोरी स्पॉयलर व पत्रा यांच्यामध्ये घालून करवतीसारखी मागेपुढे ओढतात. धातूची पट्टी वापरल्यास रंगावर ओरखडे पडतात.

५. उरलेला गोंद बोटाने घासून व योग्य द्रावकाने काढला जातो. शेवटी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात.

गंजाची तपासणी

जुन्या गॅस्केटखाली पाणी साचून छिद्रांच्या कडांना गंज लागलेला असू शकतो. असा गंज पॉलिश पेपरने घासून स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत काढतात आणि त्यावर प्रायमर व रंग लावतात. नवे छिद्र पाडल्यास त्याच्या उघड्या कडेलाही हीच प्रक्रिया करावी लागते. नव्या स्पॉयलरला न लागणारी जुनी छिद्रे रबरी बुचांनी बंद करून जलरोधक केली जातात.

नवा स्पॉयलर बसवणे

सर्व बोल्ट छिद्रांत जाऊन नट हाताने लागल्यावर स्पॉयलर दोन्ही कडांपासून मोजून मध्यभागी आणला जातो. नंतर नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळतात. अति जोर लावल्यास प्लॅस्टिकमधील धातूची बैठक फिरते किंवा झाकणाचा पत्रा आत दबतो. म्हणून उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा अधिक आवळणे टाळतात.

टेपने बसवताना पृष्ठभाग कोरडा, तेलविरहित व कोमट असावा लागतो. टेप लागल्यानंतर जागा बदलता येत नाही, त्यामुळे खुणा आधीच कराव्या लागतात. टेपची पकड दाबावर अवलंबून असल्याने संपूर्ण लांबीभर घट्ट दाब दिला जातो. ॲक्रिलिक फोम टेपची पकड सामान्य तापमानाला पहिल्या २० मिनिटांत सुमारे ५० टक्के, २४ तासांत ९० टक्के व ७२ तासांत पूर्ण होते. तोपर्यंत गाडी धुणे व वेगाने चालवणे टाळावे लागते.

अंतिम तपासणी

बॅटरी जोडून ब्रेक लाइट लागतो का, हे पाहिले जाते. झाकणावर पाण्याची धार सोडून डिकीत गळती होते का, हे तपासतात. झाकण उघडे ठेवल्यावर ते आपोआप खाली येत असल्यास नव्या भागाचे वजन त्याच्या गॅस स्ट्रटला किंवा स्प्रिंगला जास्त होत आहे, असा अर्थ होतो. सुमारे १०० किमी प्रवासानंतर नट पुन्हा तपासणे उपयुक्त ठरते.

सुरक्षा व कायदा

अमेरिकेत १९८६ पासूनच्या मॉडेलच्या प्रवासी गाड्यांना मागील बाजूस उंचावर तिसरा ब्रेक लाइट बंधनकारक आहे. अनेक गाड्यांत तो स्पॉयलरमध्येच असतो. त्याऐवजी दिवा नसलेला स्पॉयलर बसवल्यास गाडी नियमबाह्य ठरू शकते. तसेच उंच स्पॉयलरने काचेखाली बसवलेला हा दिवा झाकला जाऊ नये, याकडे लक्ष द्यावे लागते.

गाडीच्या बाह्य भागांवरील उंचवटे पादचाऱ्यांना इजा करू नयेत, यासाठी संयुक्त राष्ट्रांचा २६ क्रमांकाचा विनियम आहे. जर्मनीत मान्यता नसलेला भाग बसवल्यास गाडीचा वापर परवाना रद्दबातल ठरू शकतो. त्यामुळे सुट्या भागासोबत मान्यतापत्र असणे किंवा तो तपासणी संस्थेकडून नोंदवून घेणे आवश्यक असते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे बदल करण्यावर निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार भाग बदलून किंवा नवे भाग बसवून वाहनात नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे मूळ आकाराचा, उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेला स्पॉयलर निवडणे हा कायद्याच्या व वायुगतिकीच्या अशा दोन्ही दृष्टींनी सुरक्षित पर्याय ठरतो.

हे सुद्धा पहा

वायुगतिकी
स्पोर्ट्स कार
पोर्शे ९११
ऑडी टीटी
फॉर्म्युला वन